उकिरड्याचे पांग फिटले!

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असं आपली म्हण सांगते. म्हण रचणाऱ्याला काही घाई नसावी. शेणाचा गॅस व्हायला साधारण चाळीस दिवस लागतात, शिळ्या भाताचं काम एका दिवसात उरकतं. आणि पांग फिटतात ते तरी कसे! कुठे मैल्यावर बस धावते, कुठे मळीच्या हातभाराने विमान उडतं, कुठे वड्याच्या जळक्या तेलावर ट्रक. शेण, चिपाड, तूस, उष्टं, पेंढा अशा मानहीन मंडळींच्या कर्तबगारीच्या या काही चटकदार गोष्टी. जेवताना वाचू नका. किंवा वाचा, ताटात उरेल ते उपयोगी पडेल.

१. वेताळाच्या पालखीचे भोई

अमावास्येच्या रात्री शिवारात हलणारे दिवे दिसले की आपल्याकडे वेताळाची पालखी निघाली म्हणतात. युरोपातही दलदलीवर असे दिवे दिसल्याच्या कथा आहेत. १७७६ साली इटलीतल्या मॅजोरे सरोवराच्या काठी एक गृहस्थ काठीने चिखल ढवळत बसले. वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले. भुर्रकन ज्योत! सापडला तो मिथेन. आज गोबर गॅसमध्ये असतो तोच, सीएनजीतही तोच. गृहस्थांचं नाव अलेस्सांद्रो व्होल्टा. घरातली वीज आपण ज्या ‘व्होल्ट’मध्ये मोजतो, ते याच चिखल ढवळणाऱ्याचं नाव. पुढे त्यांनी ठिणगीने हा वायू पेटवून बूच उडवणारं एक पिस्तूलही केलं. वेताळाच्या सगळ्याच पालख्यांचा उलगडा मिथेनने होत नाही. पण एखाद्या पालखीला भोई त्याचेच असतील.

२. पोवाडेवाल्या साहेबाचं गॅसघर

एच. ए. ॲक्वर्थ हे नाव मराठी वाचकाला भेटतं ते पोवाड्यांच्या पुस्तकावर. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत या साहेबाने गावोगावच्या शाहिरांच्या तोंडचे पोवाडे गोळा केले आणि १८९१ साली छापले. हाच साहेब मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. त्याने १८९० मध्ये माटुंग्याला कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभारलं. वडाळ्याच्या रुग्णालयाला आजही त्याचं नाव आहे. तिथल्या मैल्याच्या टाकीवर १८९७ च्या सुमारास गॅस धरायची सोय झाली आणि त्या गॅसवर इंजिन चाललं. सांडपाण्याच्या गॅसवर दिवे लावायचा प्रयोग इंग्लंडमधल्या एक्सेटर गावाने जेमतेम दोन वर्षं आधी केला होता. म्हणजे ‘विदेशी तंत्रज्ञान इथे यायला शंभर वर्षं लागतात’ हे रडगाणं निदान या बाबतीत गाऊ नये. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढलं, त्यांच्या वस्तीत मुंबईच्या जैविक ऊर्जेचा हा पहिला धडा गिरवला गेला.

३. गाय म्हणजे चालतीबोलती टाकी

गोबर गॅसची टाकी मुळात गायीच्या पोटाची नक्कल आहे. अंधार, ऊब, ओल आणि प्राणवायूला मज्जाव, एवढं जमलं की मिथेन करणारे जीवाणू खूश. गायीच्या पहिल्या पोटात ते आधीच मुक्कामाला असतात. गाय मिथेन सोडते तो मागून, असा समज आहे. प्रत्यक्षात नव्वद टक्क्यांहून जास्त मिथेन तोंडावाटे, ढेकरेतून बाहेर पडतो. रवंथ करत शांत बसलेली गाय ही चालू स्थितीतली गॅस एजन्सीच म्हणायची.

म्हणूनच स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर चालणारी नवी टाकी सुरू करतानाही आधी शेणाचा काला ओततात. दुधाला विरजण लावतात तसंच हे. विरजण लागलं की पुढे टाकी आपली आपण चालते. हिवाळ्यात दही नीट लागत नाही, तसा थंडीत गॅसही रुसतो. या जीवाणूंना पस्तीस-चाळीस अंशांची ऊब मानवते. महाबळेश्वरची टाकी आळशी आणि जळगावची चपळ, यात गावाच्या स्वभावाचा काही दोष नाही.

४. टाकीलाही ॲसिडिटी होते

खरंच होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उरलेला सगळा मसालेभात आणि जिलबी एकदम टाकीत लोटली, की आम्ल तयार करणारे जीवाणू सुसाट सुटतात. त्या आम्लाचा मिथेन करणारे जीवाणू मात्र संथ चालीचे, ते मागे पडतात. टाकी आंबते, ज्योत मंदावते, शेवटी पेटतच नाही. उपाय आजीच्या बटव्यातलाच आहे: काही दिवस लंघन, थोडी चुन्याची निवळी, आणि बरं वाटू लागल्यावर थोडं-थोडं खाणं. नारळाच्या शेंड्या, हाडं आणि अंड्याची टरफलं टाकीला पचत नाहीत. लिंबाच्या सालींचा अतिरेकही सोसत नाही.

५. पंचवीस किलोंचा हिशेब

एक जनावर दिवसाला सरासरी दहा किलो शेण देतं. एक किलो शेणातून सुमारे चाळीस लिटर गॅस मिळतो, म्हणजे पंचवीस किलोंमागे एक घनमीटर. चार-पाच जनावरांचं घर दिवसाला दोन घनमीटरपर्यंत जातं आणि महिन्याकाठी स्वयंपाकाचे जवळजवळ दोन सिलिंडर वाचवतं.

‘त्यापेक्षा गोवऱ्या थापल्या तर काय बिघडलं?’ असं विचाराल, तर चूल आणि शेगडी यांची शर्यत लावून पाहा. गोवरीच्या उष्णतेतला दहावा हिस्साच कसाबसा भांड्याला लागतो, बाकी धूर होऊन डोळ्यांत आणि छपरात जातो. गॅसच्या शेगडीवर हेच प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात असतं. शिवाय गोवरी जळली की राख उरते. टाकीत मात्र गॅस निघून गेल्यावरही शेणातलं नत्र, स्फुरद, पालाश जागेवर असतं. ते स्लरी होऊन शेतात जातं. एकाच शेणातून स्वयंपाकही होतो आणि खतही. वर तरंगणारी लोखंडी टोपी, आत शेण-पाण्याचा समसमान काला, ही गावोगाव दिसणारी रचना जशभाई पटेल यांची. ती खादी ग्रामोद्योग आयोगाने देशभर नेली. टोपी वर आली की घरात गॅस आहे, खाली बसली की नाही. मीटर नको, रीडिंग नको.

६. वास नक्की कुणाचा?

मिथेनला वास नसतो. बदनाम मात्र तोच होतो. सडक्या अंड्यासारखा जो भपकारा येतो, तो त्यात किंचित मिसळलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. हा भुरटा नुसता नाक मुरडायला लावत नाही, तर लोखंडही खातो. म्हणून इंजिनात गॅस सोडण्याआधी तो लोखंडाच्या किसातून गाळून घेतात. उलटी गंमत सिलिंडरच्या गॅसची. त्याला मुळात वास नसतोच. गळती कळावी म्हणून कारखान्यात मुद्दाम दुर्गंधी मिसळतात. एकाचा वास काढायला पैसे, दुसऱ्याला वास लावायला पैसे!

७. शिळा भात विरुद्ध शेण

पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांना एक साधा प्रश्न पडला: शेणात असं काय उरलंय, की त्याच्या मागे लागावं? चाऱ्यातला सगळा कस गायीने आधीच काढून घेतलेला असतो. मग जीवाणूंना गायीचं उरलंसुरलं देण्याऐवजी थेट अन्नच दिलं तर? उरलेला भात, पीठ, किडकं धान्य, खराब फळं. संस्थेचा हिशेब असा: दोन किलो पिष्टमय पदार्थांतून एका दिवसात जेवढा मिथेन मिळतो, तेवढ्यासाठी शेण चाळीस किलो लागतं आणि दिवसही चाळीस. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या दोन टाक्यांपैकी एकीत दुसरी उपडी घातली आणि शहरी गच्चीवर मावेल असा संच तयार झाला. त्यासाठी २००६ मध्ये संस्थेला लंडनचं ॲशडेन पारितोषिक मिळालं.

याआधी २००२ मध्येही ते मिळालं होतं, उसाच्या पाचटाचा कोळसा करण्यासाठी. तोड झाल्यावर शेतकरी जे पाचट फडातच पेटवून देतो, त्याचीच विकाऊ कांडी. डॉ. कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू आणि इरावतीबाईंचे चिरंजीव. आजोबांनी समाजाने टाकलेल्यांना उभं केलं, नातवाने घराने टाकलेल्याला.

मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचे डॉ. शरद काळे यांनी याच कामाला नाव दिलं ‘निसर्गऋण’. अणुभट्टीवाल्यांनी खरकट्याची भट्टी मांडावी, हे आपल्याकडेच घडू शकतं. हाजी अलीजवळ तर २०२२ पासून अन्नाच्या कचऱ्यातून वीज करून तिच्यावर विजेच्या गाड्या चार्ज करायची सोय झाली. म्हणजे आता हॉटेलात कुणी पानात टाकलं, तर गाडी थोडी पुढे जाते. (म्हणून टाकू नका. खाल्लेलं जास्त पुढे नेतं.)

८. देहूचे डॉक्टर

१९५९ साली डॉ. सुहास मापुसकर नावाचे तरुण डॉक्टर देहूत रुजू झाले. पोटाच्या रोग्यांची रांग संपेना. औषधं देऊन रोग हटणार नाही, कारण मूळ उघड्यावरच्या हागणदारीत आहे, हे ओळखून त्यांनी सुईच्या बरोबरीने शौचालयांचा ध्यास घेतला. त्यांच्या मागे वारसा होता कोकणगांधी अप्पासाहेब पटवर्धनांचा. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सफाईला पूजा मानणाऱ्या अप्पांनी मैल्याचं खत आणि गॅस करण्याची वाट दाखवली होती. डॉ. मापुसकरांनी ती पुढे नेऊन शौचालयाला जोडलेला गॅस संच रूढ केला. त्याचं नाव ‘मलप्रभा’. मराठीतल्या सुंदर नावांच्या यादीत हे वर असायला हरकत नाही. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

पण हुरळून जाऊ नका, हिशेब ऐका. एका माणसामागे दिवसाला जेमतेम एक घनफूट गॅस. पाच जणांच्या कुटुंबाने प्रामाणिकपणे योगदान दिलं, तरी एक शेगडी वीस-तीस मिनिटं चालेल. सकाळचा चहा सुटतो; भाजी-भाकरीला गोठ्याकडेच जावं लागतं.

९. दोन नंबरची बस

शाळेत हात वर करून दोन बोटं दाखवली की बाई काय समजायच्या, हे सांगायला नको. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २०१४ साली मैला आणि अन्नकचऱ्याच्या गॅसवर चालणारी चाळीस आसनांची बस निघाली. पाच माणसांच्या वर्षभराच्या ‘योगदाना’तून टाकी एकदा भरते आणि बस तीनशे किलोमीटर जाते. २०१५ मध्ये ती नेहमीच्या मार्गावर घातली. मार्ग क्रमांक? दोन! इंग्रजीतही ‘नंबर टू’चा अर्थ तोच आहे. कंपनीने हा योगायोग जपूनच निवडला असावा. आपल्याकडे ‘दोन नंबर’चा आणखी एक अर्थ आहे, पण त्या पैशावर चालणाऱ्या बसगाड्या हा वेगळ्या लेखाचा विषय.

१०. हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा

ऊस पिळला की संपला, असं वाटतं. शंभर किलो उसातून साखर निघते दहा-अकरा किलो. उरलेल्यात जवळजवळ तीस किलो बगॅस म्हणजे चिपाड, चार किलोंच्या आसपास मळी आणि तीन-चार किलो प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ. गुऱ्हाळवाल्यांना यातलं पहिलं गणित कधीच माहीत होतं. उसाचा रस काहिलीत आणि त्याच उसाचं वाळलेलं चिपाड खाली चुलवाणात. गूळ स्वतःच्याच सरपणावर शिजतो. साखर कारखान्यांनी हेच मोठ्या बॉयलरमध्ये केलं. चिपाडावर वाफ, वाफेवर टर्बाइन, त्यावर कारखाना, आणि उरलेली वीज महावितरणला. देशात जैवभारापासून वीज करायची क्षमता ११ हजार मेगावॉटच्या आसपास आहे आणि तिच्यात सिंहाचा वाटा याच चिपाडाचा. १९५० मध्ये प्रवरानगरला महाराष्ट्रातल्या पहिल्या सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं, तेव्हा साखर हेच सोनं होतं. आता चोथ्यालाही भाव आहे. प्रेसमड तर शेताच्या बांधावर फुकट पडून असायचा. त्यातून सीएनजीच्या तोडीचा गॅस निघतो म्हटल्यावर तोही दर विचारून येऊ लागला.

११. मिरज, मनमाड आणि पेट्रोल

मिरज म्हटलं की तंबोरे, मनमाड म्हटलं की जंक्शन. पण भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये इथेच सुरू झाले. सोबतीला उत्तर प्रदेशातलं बरेली. २०१३-१४ मध्ये देशभरातलं मिश्रण दीड टक्क्यावर रेंगाळत होतं. जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर.

एक टन मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं. साखर न करता रसच आंबवला, तर एक टन उसातून सत्तर लिटर. त्यामुळे साखर की इथेनॉल, हा दिवाळीच्या लाडवापर्यंत पोचणारा प्रश्न आहे. पावसाने ओढ दिली तेव्हा, डिसेंबर २०२३ मध्ये, सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्याला अचानक लगाम घातला होता. मग मका पुढे आला आणि कोंबडीपालन करणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

आणि हो, मायलेजची कुरकूर खोटी नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळलं की टाकीतली एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. हे साधं अंकगणित आहे, मेकॅनिकशी भांडून उपयोग नाही.

१२. ब्राझीलची झिंगलेली मोटार

उसाच्या बाबतीत आपले भाऊबंद म्हणजे ब्राझील. तेलाच्या भावाने कंबरडं मोडल्यावर त्यांनी १९७५ मध्ये अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९७९ साली फियाट १४७ ही शंभर टक्के अल्कोहोलवरची मोटार रस्त्यावर आली. तिच्या धुराला तिथल्या उसाच्या दारूचा, ‘कशासा’चा वास यायचा म्हणून लोकांनी तिचं लाडकं नाव ठेवलं ‘कशासिन्या’. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथल्या नव्या मोटारींत दहापैकी नऊ अल्कोहोलवरच्या होत्या. मग साखरेचे भाव वाढले, अल्कोहोल मिळेना आणि मोटारी पंपापुढे ताटकळल्या. धडा शिकून २००३ मध्ये त्यांनी पेट्रोल-अल्कोहोल कसंही चालणारी मोटार आणली. चालकाने भाव बघायचा आणि जे स्वस्त ते भरायचं.

१३. डिझेलला शेंगदाण्याची गोडी

१९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालत होतं. ते इतकं सुरळीत चाललं, की फार थोड्या लोकांना कळलं. फ्रेंच सरकारला आपल्या आफ्रिकी वसाहतींत पिकणाऱ्या भुईमुगावर इंजिनं चालवायची होती. १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन असतो, तो रुडॉल्फ डिझेलच्या १८९३ मधल्या इंजिनाच्या आठवणीसाठी. शेंगदाण्याचा घाणा त्याला जोडला गेला तो सात वर्षांनी. दिनविशेषात मात्र दोन्ही गोष्टी एकाच दिवसावर घालून मोकळे होतात.

१४. एरंडाचं गुऱ्हाळ

भाषेला भविष्य कळतं, याचा हा पुरावा. पंचवीसेक वर्षांपूर्वी मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची लाट आली. माळरानावर लावा, पाणी नको, खत नको, गुरं खात नाहीत, बियांतून डिझेल! लाखो एकरांचे बेत ठरले. झाड जगलं खरं, पण पाणी-खत नसेल तर बियाही ते बेताच्याच धरतं. माळरानावरचा एरंड माळरानासारखाच वागला. ‘एरंडाचं गुऱ्हाळ’ या वाक्प्रचाराला सरकारी फायलींचा आधार मिळाला.

तरी एका दिवसाचं श्रेय त्याला द्यायला हवं. २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडूनहून दिल्लीला एक विमान चाचणी म्हणून गेलं, त्याच्या इंधनात मोगली एरंडाचं तेल होतं. एरंड उडाला खरा.

१५. वड्याचं तेल, ट्रकचं डिझेल

गाडीवरच्या कढईतलं तेल काळं पडलं तरी त्यात वडा पडतच राहतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये मर्यादा घातली: तळून तळून तेलात तयार होणारी ध्रुवीय संयुगं पंचवीस टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यातून बाद. मग करायचं काय? मिथेनॉल आणि थोडा अल्कली घालून ढवळलं की वर बायोडिझेल, खाली ग्लिसरीन. ट्रकलाही पोटभर, साबणवाल्यालाही खुराक. आपल्या रक्तवाहिन्यांत जायचं ते डिझेलच्या टाकीत गेलं, तर हृदयरोगतज्ज्ञ सोडून कुणाची तक्रार नसावी.

१६. बंब लावलेली बस

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल सैन्याने नेलं आणि युरोपात दहा लाखांच्या आसपास गाड्या लाकूड-कोळशावर चालू लागल्या. भारतातही कोळशाच्या गॅसवरच्या बसगाड्या होत्या. पाठीला आंघोळीच्या बंबासारखं पिंप, त्यात निखारे. क्लीनरने पंखा फिरवायचा, गॅस तयार व्हायचा आणि मग इंजिन. अपुऱ्या हवेत लाकूड जाळलं की ज्वलनशील वायू निघतात, एवढंच त्यातलं शास्त्र. हीच युक्ती २००७ मध्ये बिहारच्या पश्चिम चंपारणमधल्या तमकुहा गावी भाताच्या तुसावर चालवली. तांदूळ कांडून उरलेल्या तुसावर अंधारलेल्या गावात दिवे लागले.

१७. पानिपत, पण जिंकलेलं

मराठी माणसापुढे पानिपत म्हटलं की गळा दाटतो. २०२२ च्या १० ऑगस्टला तिथे एक कारखाना सुरू झाला: क्षमता वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्याची आणि त्यातून तीन कोटी लिटर इथेनॉलची. जो पेंढा शेतात जाळल्याने दिल्लीचा श्वास कोंडतो, तोच. पेंढ्यातली साखर घट्ट कुलपात असते. ते आधी वाफेने आणि आम्लाने सैल करायचं, मग विकरांनी उघडायचं. कारखाना इंडियन ऑइलचा, पण कुलपाची किल्ली पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजची. २६१ वर्षांनी पुणेकर पानिपतावर पुन्हा उतरले. या वेळी रसद कमी पडू नये, एवढीच प्रार्थना.

१९ मे २०२३ ला याच जोडगोळीने आणखी एक उडी मारली. पुण्याहून दिल्लीला निघालेल्या प्रवासी विमानाच्या इंधनात उसाच्या मळीपासून केलेल्या इंधनाचा छोटा अंश होता. देशी बनावटीच्या अशा इंधनावरचं ते पहिलं व्यावसायिक प्रवासी उड्डाण. ज्या मळीच्या वासाने कारखान्याजवळून जाताना आपण खिडकी लावून घेतो, ती ढगांत जाऊन आली.

१८. पोहे-जिलबीच्या गावाची युक्ती

होळकरांच्या इंदुरात १९ फेब्रुवारी २०२२ ला ओल्या कचऱ्याच्या गॅसचा प्रकल्प सुरू झाला. रोज ५५० टन कचरा घ्यायची आणि १७ टन सीएनजी द्यायची त्याची क्षमता. त्यावर शहराच्या बस धावतात. गोव्यातही साळगावला २०१६ पासून ओल्या कचऱ्यातून गॅस आणि गॅसमधून वीज होते. यंत्रं सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच. इंदूरचं वेगळेपण यंत्राच्या अलीकडे, लोकांच्या दारात आहे. तिथे घरातूनच कचरा सहा प्रकारांत वेगळा होऊन गाडीत चढतो.

कारण प्रकल्प आजारी पडतात ते बहुधा जीवाणूंमुळे नाही. २०१८ मध्ये देशात जैविक सीएनजीचे पाच हजार प्रकल्प उभारायचं ठरलं, आणि २०२३-२४ ची मुदत उलटली तरी चालू प्रकल्पांची संख्या त्या आकड्याच्या आसपासही फिरकली नाही. पैसा, जागा, खताला गिऱ्हाईक, ही कारणं आहेतच. पण शहरातल्या बंद पडलेल्या टाकीचं पोट उघडलं तर आत बरेचदा सापडते ती प्लॅस्टिकची पिशवी. शिळी पोळी, केळ्याची साल, भाजीची देठं, सगळी गॅस व्हायला उत्सुक. पण गाठ मारलेल्या पिशवीत कोंडलेली. पंप अडतो, साय धरते, टाकी थांबते आणि वर पाटी लागते: दुरुस्तीसाठी बंद.

तेव्हा बारा वर्षं थांबायची काही गरज नाही. शेण चाळीस दिवसांत, भात एका दिवसात आपलं काम करायला तयार आहे. आज रात्री ताटं आवरताना उष्टं ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाका, आणि पिशवीत भरलंच असेल तर गाठ सोडून रिकामं करा. उकिरड्याचे पांग त्या गाठीपाशीच अडलेत.